या महिन्याच्या पाहण्या संपल्या

शिड्यांच्या कारखान्यातल्या सगळ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर सोमवारी सकाळी काळी चिकटपट्टी लागली. पट्टी मालकांनी स्वतःच्या हाताने लावली. आधी फोरमनच्या फोनला, मग दप्तर सांभाळणाऱ्या फाइलताईंच्या फोनला, आणि पक्षपात केला असे कोणी म्हणायला नको म्हणून शेवटी स्वतःच्याही फोनला.

"ही साधी पट्टी नाही हं," मालक म्हणाले. "मेहुण्याने मुद्दाम मागवून दिलीय. एकदा बसली की निघत नाही."

"फोनवर बोलता तरी येईल ना?" फाइलताईंनी विचारले.

"बोला की, हवं तेवढं बोला. फक्त फोटो काढायचा नाही."

एवढे व्हायला कारणही तसेच घडले होते. मालकांनी दोन वर्षे डोके खपवून एक नवी शिडी काढली होती. गोदामात उंच फळ्यांवरचा माल काढायला लागते तशी, घडीची. तिची खरी करामत होती वरच्या टोकाला. माणूस वरच्या चौथऱ्यावर पोहोचला की त्याच्या कमरेभोवती एक कठडा आपोआप बंद व्हायचा. पडायची इच्छा असली तरी पडता येणार नाही, असे मालक अभिमानाने सांगायचे. ही शिडी घेऊन ते प्रदर्शनात गेले आणि बघतात तो काय, समोरच्याच गाळ्यात तशीच शिडी, तसाच कठडा, आणि शेजारी हसतमुखाने उभे असलेले दादा!

दादा म्हणजे मालकांचे सख्खे चुलतभाऊ. पूर्वी दोघांचा कारखाना एकच होता. मग शिड्यांना पिवळा रंग द्यायचा की निळा, यावरून दोघांची जुंपली. भांडण इतके विकोपाला गेले की दादांनी रस्त्यापलीकडे स्वतःचा वेगळा कारखाना थाटला आणि पहिल्याच दिवशी त्याचे दार निळे रंगवले. तेव्हापासून दोघांत एका शब्दाचे बोलणे नव्हते. मालक प्रदर्शनातून तसेच तरातरा परत आले.

"आपल्यात कोणीतरी फितूर आहे!" त्यांनी जाहीर केले. "आजपासून एकही कागद इथून बाहेर जाणार नाही. आतसुद्धा राहणार नाही."

मग मेहुण्याला बोलावणे गेले. हा मालकिणीबाईंचा धाकटा भाऊ. त्याला कॉम्प्युटरमधले बरेच काही कळायचे, आणि जे कळायचे नाही ते तो विकायचा. त्याने सगळी ड्रॉइंग मालकांच्या केबिनमधल्या एकाच कॉम्प्युटरात कोंडून टाकली. छापायची सोय नाही, उतरवून घ्यायची सोय नाही, दुसरीकडे पाठवायची सोय नाही. इतकेच नव्हे, तर प्रत्येक ड्रॉइंग महिन्यातून ठरावीक वेळाच उघडणार. कागदावरच्या जेवढ्या प्रती होत्या तेवढ्या कागद फाडायच्या मशीनला घालायचा हुकूम सुटला.

फाइलताईंचा जीव वरखाली झाला. या कारखान्यात कागद येतो आणि फाइलीत जातो, हाच त्यांचा आजवरचा धर्म होता.

"साहेब, एक प्रत तरी ठेवू या. कपाटात, कुलपात. किल्ली तुमच्याकडे."

"प्रत म्हटलं की चोरी आलीच, ताई."

"आणि प्रत नाही म्हटलं की पंचाईत आली. खाली फोरमनने शिडी बनवायची कशावरून?"

"वर यायचं, बघायचं, खाली जाऊन बनवायचं. पायांना व्यायाम."

"आणि तपासनीस साहेब येतील तेव्हा? त्यांना पहिल्यापासूनच्या सगळ्या आवृत्त्या लागतात. कुठे काय बदललं ते बघतात ते. कागद सात वर्षं जपायचा नियम आहे."

"मग जपा ना! फाडून जपा!" मालक चिडून म्हणाले आणि केबिनमध्ये निघून गेले. चिडून बोललेला शब्द फाइलताई नेहमी नीट टिपून घेत. त्या दिवशीही त्यांनी तो टिपून घेतला.

खरी तारांबळ उडाली ती फोरमनची. तपासणीला न्यायच्या शिडीचे सगळे भाग तयार होते, फक्त कठडा सोडवायचा खटका बसवायचा राहिला होता. तो नेमका कुठे बसवायचा हे ड्रॉइंगमध्ये होते आणि ड्रॉइंग वर केबिनमध्ये होते. फोरमन जिना चढायचा, पडद्याकडे डोळे फाडफाडून बघायचा, पुटपुटत खाली उतरायचा, आणि शेवटच्या पायरीवर कोणीतरी "काय म्हणताय?" असे विचारले की झाले! सगळे विसरून पुन्हा वर.

शेवटी त्याने डोके लढवले. आपणच शिडी आहोत असे समजून तो पडद्यासमोर उभा राहिला. दोन्ही हात कठड्यासारखे गोल केले, आणि खटका जिथे होता तिथे उजव्या हाताचे बोट टेकवले. मग तो तसाच, हात न हलवता, जिन्याकडे निघाला. दारातून समोरून मावेना म्हणून खेकड्याच्या चालीने आडवा बाहेर पडला. फाइलताईंनी भिंतीला चिकटून वाट दिली.

"बोलू नका!" तो ओठ न हलवता म्हणाला. "मोडेल."

जिन्याच्या वळणावर त्याच्या नाकाला खाज सुटली. त्याने दात-ओठ खाऊन ती सोसली, पण शेवटी नाकच ते. क्षणभरच हात वर गेला आणि लगेच परत आला. परत आला तो जिथून गेला होता तिथेच, असे त्याचे प्रामाणिक मत होते. त्या मतावर खटका बसला.

तपासणीचा दिवस उजाडला. तपासनिसांची सही झाली तर शिडी बाजारात जाणार, नाही झाली तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. शिवाय दादांच्या शिडीची तपासणी पुढच्याच आठवड्यात होती. आपली मागे पडली आणि त्यांची पुढे गेली, तर लोक आपल्यालाच नकल्या म्हणणार, या विचाराने मालकांना घास उतरत नव्हता.

तपासनीस अंगाने काटकुळे, बोलायला अतिशय गोड आणि कामाला महाकठीण होते.

"जी शिडी मी चढत नाही, तिच्यावर सही करत नाही," ते म्हणाले आणि बुटांचे बंद आवळून सरसर वर गेले. चौथऱ्यावर पाय ठेवताच त्यांच्या कमरेभोवती कठडा खट्‌कन बंद झाला.

"वा! पडायची सोयच ठेवली नाही तुम्ही."

"नाहीच ठेवली, साहेब!" मालक खालून फुलून म्हणाले.

"आता उतरतो. खटका कुठे आहे?"

"तुमच्या उजव्या हाताशी."

तपासनिसांनी उजव्या हाताशी चाचपले. मग डावीकडे चाचपले. मग वाकायचा प्रयत्न केला, पण कठडा इतका उत्तम होता की वाकता येईना. खटका त्यांच्या पाठीमागे, कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर बसला होता. मालकांनी फोरमनकडे पाहिले. फोरमनने नकळत नाकाला हात लावला.

शिड्यांच्या कारखान्यात दुसरी शिडी मिळायला कितीसा वेळ लागतो? फोरमन ती लावून वर गेला आणि त्याने खटका जोरात ओढला. पण खटका नुसता भलत्या जागी नव्हता, तो उलटाही बसला होता. कठडा सुटायचा सोडून आणखी एक खाच आत सरकला.

"थोडं घट्ट झालं," तपासनीस शांतपणे म्हणाले.

"कापून काढू का, साहेब?" फोरमनने विचारले.

"कापा. पण कापलेल्या शिडीवर मी सही कशी करू?"

मालक घाईने पुढे झाले. "कापायची गरजच नाही! आणीबाणीसाठी मी दोन पिना ठेवल्यात. चौथऱ्याच्या खाली, दोन बाजूंना. एक ओढली की कठडा उघडतो."

"आणि दुसरी?"

"दुसरी ओढली की शिडीची घडी होते."

तपासनिसांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला.

"यातली कठड्याची कोणती?" तपासनिसांनी विचारले.

मालकांनी आधी एका पिनेकडे बोट दाखवले, मग दुसरीकडे. दोन वर्षांत त्यांनी त्या पिना इतक्या वेळा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे केल्या होत्या की शेवटी कुठली कुठे राहिली, हे आता त्यांचे त्यांनाच आठवेना. पिना दिसायला जुळ्या होत्या.

"ड्रॉइंग बघून सांगतो! एका मिनिटात!" म्हणत मालक जिन्याकडे धावले. पाठोपाठ फाइलताई धावल्या. मालकांनी ड्रॉइंग उघडले. पडद्यावर एक हसरा चेहरा आला आणि त्याखाली अक्षरे उमटली: 'या महिन्याच्या पाहण्या संपल्या. पुढच्या महिन्यात भेटू!'

"संपल्या? कोणी संपवल्या?"

"फोरमनने," फाइलताई म्हणाल्या. "पायांना व्यायाम."

मालकांनी मेहुण्याला फोन लावला.

"अरे, ड्रॉइंग उघडत नाहीये!"

"नाही ना उघडत?" पलीकडून आनंदाची किंकाळी आली. "भाऊजी, अभिनंदन! म्हणजे सिस्टिम चालतेय!"

"गाढवा, मला ते उघडून हवंय! माणूस अडकलाय!"

"कुठे?"

"माझ्या शिडीवर!"

"भाऊजी, तुम्हीच म्हणाला होतात, मी पाया पडलो तरी उघडता कामा नये. आता माझ्याच्यानेही नाही उघडत. एवढी पक्की सिस्टिम अख्ख्या बाजारात कोणाकडे नाही." मालकांनी फोन आपटला. पट्टी जागची हलली नाही.

खाली आले तर तपासनीस वही उघडून बसले होते, म्हणजे उभेच होते. "तोवर मी दप्तर तपासून घेतो," ते म्हणाले. "वेळ कशाला घालवा? जुन्या आवृत्त्या वर पाठवा."

मालकांच्या पायांखालची जमीन सरकली. पण फाइलताई डगमगल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि दोन हातांत दोन पोती घेऊन बाहेर आल्या. दोरीने ती वर चढवण्यात आली. प्रत्येक पोत्याला व्यवस्थित चिठ्ठी डकवलेली होती. तपासनिसांनी एका पोत्यात हात घालून मूठभर कागदी शेवया बाहेर काढल्या.

"हे काय?"

"आवृत्ती तिसरी," फाइलताई म्हणाल्या. "चौथी दुसऱ्या पोत्यात आहे. मिसळू नका हं साहेब, मेहनतीने वेगळी ठेवलीय."

"पण वाचता येत नाही."

"वाचता येत नाही, पण जपलीय. साहेबांचा तसा हुकूम होता."

तपासनिसांनी वहीत काहीतरी लिहिले. काय लिहिले ते खालून दिसत नव्हते, पण बराच वेळ लिहीत होते. मालकांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. दोन वर्षे डोळ्यांसमोरून गेली, रडू यायचे तेवढे बाकी होते.

"साहेब," फाइलताई हळूच म्हणाल्या, "एक प्रत आहे."

"कुठे?"

फाइलताईंनी हनुवटीने खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडे, निळ्या दाराकडे खूण केली.

"कदापि नाही! मेलो तरी त्या चोराच्या..."

"मेलो वगैरे सध्या नको," वरून आवाज आला. "मी उंचावर आहे."

मालकांनी नंबर लावला. इतक्या वर्षांत तो एकदाही लावला नव्हता, पण बोटांना पाठ होता. पलीकडे घंटा एकदाच वाजली.

"बोल," दादांचा आवाज आला. "किती उशीर केलास फोन करायला!"

मालकांनी एका दमात सगळे सांगितले. दादा "आलो" एवढेच म्हणाले आणि खरोखरच आले. अंगात जाडजूड निळा स्वेटर, काखेत फाइल आणि हातात नोंदवही.

"आधी पोच दे," ते दारातच म्हणाले. "माझ्याकडून कागद पोच घेतल्याशिवाय बाहेर जात नाही."

"दादा, माणूस वर अडकलाय!"

"म्हणून तर. घाईतच कागद हरवतात." फाइलताईंनी दादांकडे असे पाहिले की मालकांना वाटले, या आता नोकरी बदलतात की काय! त्यांनी निमूटपणे सही केली. सही करता करता त्यांची नजर शेजारच्या रकान्यावर गेली. तिथे दादांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'कोणाकडून आले: काकूंकडून, स्वेटरसोबत.'

"काकूंकडून? म्हणजे माझ्या आईकडून?"

"दुसऱ्या कुठल्या काकू आहेत मला? दर थंडीत एक स्वेटर येतो आणि त्याला गुंडाळलेलं एक ड्रॉइंग येतं. हे मागच्या थंडीतलं, आवृत्ती चौथी."

मालक मटकन स्टुलावर बसले. शिडीची ड्रॉइंग छापली की दोन-चार जादा निघत. कागद जाड, एक बाजू कोरी. टाकवत नव्हता म्हणून ते स्वतःच काखेत मारून घरी न्यायचे आणि कपाटात अंथरायला आईला द्यायचे. फितूर तर सकाळ-संध्याकाळ त्यांना आरशात भेटत होता.

"मग तू चोरलं नाहीस?"

"चोरायला काय झालं? मला वाटलं तूच पाठवतोस." दादांनी स्वेटरची बाही सारखी केली. "तोंडाने बोलायला लाजतोय, म्हणून काकूंच्या हातून पाठवतोय. भांडण मिटवायला. म्हणून तर शिडी बनवून प्रदर्शनात नेली, तुला बघून बरं वाटेल म्हणून. तू तर पाठ फिरवून निघून गेलास. तेव्हापासून फोनची वाट बघतोय मी."

मालक उठले आणि दादांचे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरले.

"मलाही फार बरं वाटलं," वरून तपासनीस म्हणाले. "पिन कोणती?"

सगळे ड्रॉइंगवर ओणवे झाले. कागदाला घड्या पडल्या होत्या, डांबरगोळ्यांचा वास येत होता, आणि नेमके पिनांवरच आईने ठसठशीत अक्षरात लिहिले होते: 'गरम पाण्यात धुऊ नकोस.' त्या 'गरम'च्या मागून बाण डोकावत होता.

"डावी!" मालक ओरडले. "डावी पिन कठड्याची!"

"कोणाची डावी?" फोरमनने विचारले. या बाबतीत तो आता ताकही फुंकूनच प्यायला तयार होता. "माझी का साहेबांची?"

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौथऱ्यावर उभा असलेला एक चिमुकला माणूस काढलेला होता. फोरमन कागद घेऊन त्या माणसासारखा उभा राहिला, तपासनिसांनीही त्याच दिशेला तोंड केले, आणि दोघांचे डावे हात एकाच बाजूला येतात याची सर्वांनी दोनदा खात्री केली. मग फोरमनने डोळे मिटून पिन ओढली.

खट्! कठडा अलगद उघडला. शिडी जागच्या जागी उभी. तपासनीस एक एक पायरी उतरून खाली आले, तेव्हा सगळ्या कारखान्याने टाळ्या पिटल्या.

पुढचे काम सोपे होते. कागद टेबलावर पसरून फोरमनने खटका काढला आणि आतल्या बाजूला, सुलटा बसवला. या वेळी त्याला नाक मनसोक्त खाजवता आले. तपासनीस पुन्हा वर गेले, पुन्हा कोंडले गेले, स्वतःच्या हाताने सुटले आणि खाली आले.

"शिडी उत्तम," ते म्हणाले. "आता जुन्या आवृत्त्या. वाचता येतील अशा."

"त्या आमच्या घरी आहेत," मालक म्हणाले. "आईच्या कपाटात. चला."

मालकांच्या घरातले स्वयंपाकघराचे ते कपाट चांगले भिंतभर होते आणि मालकांनी ते आजवर कधी उघडलेले नव्हते. आईने दार उघडले. सगळ्यात वरची सोडली तर प्रत्येक फळीवर चोख कापून, कडा दुमडून ड्रॉइंग अंथरलेली. सगळ्यात खाली पहिली आवृत्ती, तिच्यावर पातेली. तिच्या वरच्या फळीवर दुसरी, तिच्यावर डबे. मग तिसरी, मग चौथी. ना डाग, ना वाळवी. तपासनीस बघतच राहिले.

"क्रमाने लावलीत?" त्यांनी आदराने विचारले.

"हा जसजसे आणत गेला तसतशी लावली," आई म्हणाली. "पण आधीच सांगते, एकही कागद घराबाहेर जायचा नाही. मागच्या खेपेला सूनबाईंच्या धाकट्या भावाने मागितला होता, त्यालाही दिला नाही."

"आई, फक्त नक्कल हवीय!"

"मग काढ ना नक्कल. नक्कल काढायला मी कुठे नको म्हणतेय? इथे बस, काढ आणि कागद होता तिथे परत ठेव. डबे मी उतरवून देते."

मालकांनी खिशातून फोन काढला. फोटो काढला की दोन मिनिटांत काम. त्यांनी कॅमेरा समोर धरला. पडदा काळाकुट्ट. दादा आपला फोन घाईत कारखान्यातच विसरले होते, आणि तपासनिसांचा जुना फोन फक्त बोलण्यापुरता होता. त्यांनी पट्टीला नख लावून पाहिले, दात लावून पाहिले. आईने उलथन्याचे टोक लावून पाहिले. मेहुण्याने आयुष्यात एकच माल खरा दिला होता, तो हा.

मग काय, मालक आणि दादा स्वयंपाकघराच्या फरशीवर शेजारी शेजारी पालथे पडले, लहानपणी एकाच पाटीवर गिरवायचे तसे, आणि पट्टी-पेन्सिल घेऊन हाताने नकला काढू लागले. आई अधूनमधून येऊन रेघ वाकडी झाली की सांगत होती. तपासनीस चहा पीत एकेक नक्कल मूळ कागदाशी ताडून बघत होते. दादांनी मध्येच पिवळ्या पेन्सिलीने शिडी रंगवायला घेतली. मालकांनी ते पाहिले आणि आपल्या हातातली निळी पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली.

शेवटच्या आवृत्तीच्या नकलेवर तपासनिसांनी सही केली, खाली तारीख घातली आणि कागद मालकांच्या हातात दिला. मालकांचे डोळे पाणावले. ते उठून बसले, नाक पुसले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "दादा, हा कागद आता अगदी सुरक्षित ठिकाणी ठेवायला हवा."

"हवाच," दादा म्हणाले.

आईने तो कागद मालकांच्या हातातून काढून घेतला, उलटून पाठची कोरी बाजू बघितली, वितीने लांबी मोजली आणि तिचा चेहरा खुलला.

"बरोबर बसेल," ती म्हणाली. "वरची फळी कधीची उघडीच होती."